गोदाबाईचे टोंगळे

पुण्या-साताऱ्याकडं ज्याला गुडघा म्हणतात त्याला वऱ्हाडात टोंगळा म्हणतात, आणि खरं सांगू का, हाच शब्द बरा. गुडघा म्हटलं की नुसतं हाड डोळ्यांपुढं येतं. टोंगळा म्हटलं की भुईला हात टेकून ‘अव माय’ म्हणत उठणारी बाई दिसते. ही गोष्ट तशाच एका बाईची, अमरावतीच्या गोदाबाई माळणीची. वर्षं कापसाची होती. समुद्रापलीकडं कुठं कुणाची लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि इकडं वऱ्हाडात ज्याच्या वावरात काल ज्वारी होती त्यानं आज कपाशी पेरली. ज्याच्या मळ्यात वांगी होती त्यानंही पेरली. मग बाजारात भाजी मिळेना. कापूस घेऊन आलेल्या बंडीवाल्यांना, म्हणजे बैलगाडीवाल्यांना, तर दोन वेळा खायला लागतंच. त्यामुळं ज्या चार-दोन माळ्यांनी मळा मोडला नाही, त्यांच्या वांग्यांवर उड्या पडायला लागल्या.

गोदाबाईनं मळा मोडू दिला नव्हता. नवरा चंद्रभान म्हणाला होता, “विहिरीखालच्या तुकड्यात कपाशी लावून टाकू.”

“अन् बंडीवाले काय कापूस खातीन?” ती म्हणाली होती. त्यावर चंद्रभान जोडे घालून बाहेर गेला. तसा तिच्या कुठल्याही प्रश्नावर तो बाहेरच जायचा.

खोलापुरी दरवाज्याच्या आत एका कडुलिंबाच्या झाडाखाली तिची बसायची जागा होती. बावीस वर्षांची. आधी तिथं तिची सासू मनकर्णाबाई बसायची. पण गोदाबाई सून होऊन आली, हाताखाली तयार झाली, आणि एक दिवस सासूनं आपली टोपली तिच्या डोक्यावर ठेवली अन् म्हणाली, “उद्यापासून तू जाय.” एवढंच. चांगल्या धडधाकट बाईनं भर बाजारातली सावलीची जागा सुनेला द्यावी, ही काही रोज घडणारी गोष्ट नव्हे. गोदाबाई ते कौतुकानं सांगायची, “आत्याबाईनं सोताहून देल्ली.” ऐकून ऐकून बाजार कंटाळला होता.

त्या जागेचा कागद नव्हता, पट्टा नव्हता. बसेल त्याची जागा, एवढाच कायदा. दहा-बारा दिवस जागा रिकामी राहिली की गेली. आणि शेजारी उन्हात कांदे-लसूण घेऊन बसणारी तानुबाई त्या सावलीवर केव्हापासून डोळा ठेवून होती. घरात गोदाबाई सून होती, बायको होती, आई होती. त्या लिंबाखाली मात्र ती गोदाबाई होती. तिथं बंडीवाले तिला ‘बाई’ म्हणायचे आणि ती सांगेल तोच भाव असायचा. ही जागा जाणं म्हणजे तिच्या लेखी मरणंच होतं, आणि तिचे टोंगळे तिला तिकडंच न्यायला निघाले होते.

सुरुवात उजव्यापासून झाली. उकिडवं बसून वांगी निवडावी, उठायला जावं, तर आतून कटकट आवाज. मग सूज. मग डावाही त्याच वाटेनं. दिवसातून शंभरदा भुईवर बसायचं आणि शंभरदा उठायचं, हाच तर तिचा धंदा. संध्याकाळी घरी आली की उंबरठा ओलांडताना चौकट धरायची.

मग काय, इलाज सुरू झाले. आपल्याकडं दुखणं एकाचं असतं आणि औषध गावाचं.

पहिल्यांदा घरचंच. तिळाचं तेल, वर एरंडाचं पान, त्यावर फडकं. शेक घेतला की बरं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात दुपारपर्यंत सगळं पाण्यात. मग शेजारची पार्वताबाई बिब्बा घेऊन आली. “माह्या मामीची कंबर यानंच गेली,” म्हणाली. तिला म्हणायचं होतं कंबरदुखी गेली. बिब्ब्यानं गोदाबाईच्या दोन्ही टोंगळ्यांवर असे फोड आले की आठ दिवस लुगडं टेकवता येईना. नवव्या दिवशी ती बाजारात गेली, तर तानुबाईची टोपली हातभर सावलीत सरकलेली.

“मले वाटलं, तू आता येत नाई,” तानुबाई म्हणाली.

“टोपली काढ,” गोदाबाई म्हणाली. तानुबाईनं काढली, पण सावकाश.

नंतर केशवराव वैद्य झाले. त्यांनी नाडी पाहिली, डोळे मिटले आणि सांगितलं की हा वात आहे, जळवा लावा, काढा घ्या आणि वांगं वर्ज्य करा. आता बोला. जिच्या मळ्यात सकाळ-संध्याकाळ वांगी, जिच्या चुलीवर वांगी, जिच्या टोपलीत वांगी, तिनं वांगं खायचं नाही. गोदाबाईनं तेही केलं. तीन महिने चवळी आणि मुगावर काढले. टोंगळ्यांना ते कळलंसुद्धा नाही.

मग कापसाच्या पैशाच्या वासानं हैदराबादेकडून एक हकीम आला. बंडीतळाजवळ त्यानं पाल ठोकलं. चंद्रभाननं त्याच्याकडून तेलाची कुपी आणली. मगरीच्या चरबीचं तेल म्हणे. चंद्रभाननं जन्मात मगर पाहिली नव्हती आणि चरबी ओळखली. त्या तेलाला असा वास होता की घरातलं मांजर दोन दिवस बाहेर राहिलं. गोदाबाईनं महिनाभर चोळलं. टोंगळे गुळगुळीत झाले, दुखायचे तसेच दुखत राहिले.

प्रत्येक वेळी एक गोष्ट मात्र ठरलेली. इलाज फसला की गोदाबाई रागानं ते तेल, तो लेप उकिरड्यावर फेकायला निघायची, आणि खांबाला टेकून घोंगडीवर बसलेली मनकर्णाबाई म्हणायची, “फेकू नोको. इकडं ठेव. दिव्याले होईन.” म्हातारी काटकसरी होती. गोदाबाई कुपी तिच्याजवळ ठेवायची अन् चुलीकडं वळायची.

सरकारी दवाखान्यात जायला ती घाबरत होती. तिथं पाय कापतात, असं पार्वताबाईनं ऐकलं होतं. शेवटी गेली. तिथल्या माणसानं पाय कापला नाही. टोंगळा दाबून पाहिला, लाल पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, “महिनाभर घरी आराम कर.” गोदाबाई बाटली घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि तिला रडूच आलं. महिनाभर घरी बसायचं तर टोंगळे बरे होऊन करायचं काय? ते घेऊन बसायला जागा कुठं राहणार होती?

शेवटी तेल्हाऱ्याहून तिचा भाऊ पुंजाराम आला. त्याचा इलाज सोपा होता. लोखंडाची सळई लाल करायची आणि टोंगळ्यावर डाग द्यायचा. “आमच्या गावात बैलाले देते, मानसाले देते. बैल दुसऱ्या दिवशी उभा,” तो म्हणाला. दोन वर्षांत गोदाबाई इतकी वैतागली होती की तिनं होकार दिला. सोमवार ठरला.

रविवारी ती बाजारात बसली होती. समोर बंडीतळावर बाळापूरचे नत्थुजी एका बैलाचा खूर पाहत होते. म्हातारा बैलांचा जाणता. अकोल्या-अमरावतीच्या वाटेवर कापसाच्या ओझ्यानं इतके बैल लंगडायला लागले होते की त्या वर्षांत नत्थुजींना घरी जायला मिळत नव्हतं. ते मिरच्या घ्यायला आले. गोदाबाई उठली. उठली म्हणजे काय, आधी एक हात भुईला, मग दुसरा, मग लिंबाच्या खोडाला, आणि तोंडानं माय.

नत्थुजींनी मिरच्या घेतल्या नाहीत. “बाई, पुन्हा बसा. पुन्हा उठा,” म्हणाले.

“काहून? तमाशा हाये काय?”

“बसा तर.”

ती बसली, उठली. त्यांनी मान हलवली. “इलाज काय चालू हाये?”

तिनं सगळं सांगितलं, बिब्ब्यापासून उद्याच्या डागापर्यंत. डागाचं ऐकून ते हसले. “तीस वर्षं मी बैलाले डाग देल्ले, बाई. दुखनं गेलेलं मी पाह्यलं नाई. बैल दुसऱ्या दिवशी उभा राह्यते, कारन त्याले पुन्हा डागाची भीती वाटते. लोक म्हनते, बरा झाला.”

“मंग तुमी सांगा औषध.”

“औषध नाई,” नत्थुजी म्हणाले. “बंडीच्या आसाचं लाकूड झिजलं तर वंगनानं ते भरून येते काय? खडखड थोडी कमी होते. तुमचा टोंगळा झिजला हाये. झिजलेलं कोनी परत आनून देत नाई.”

गोदाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षं. जळवा, बिब्बा, मगर. वांगं सोडलं. आणि हा बैलांचा म्हातारा आता सांगतो, औषधच नाही. “मंग तुमी कायचे जानते?” ती म्हणाली.

“झिजलेली बंडी चालवता येते, त्याचा जानता,” त्यांनी शांतपणे सांगितलं. “भार कमी करा. अंगावरचाही, डोक्यावरचाही. टोपली बंडीत घालून आना. लंगडा बैल मी दावनीले बांधून ठेवत नाई, आखडते तो. सकाळी थोडा चालवतो, ओझ्याबिगर. तुमीबी चाला. काठी घ्या, अन् जो पाय जास्त दुखते त्याच्या दुसऱ्या बाजूच्या हातात धरा.”

“अन्?”

“अन् मांडीत जोर आना. सरकीची लहान पिशवी पायाले बांधा, बसल्या बसल्या पाय सरळ करा, दहा मोजा, खाली घ्या. दोन्ही पायांनी, रोज. मांडी ओझं उचलन तर टोंगळ्यावर कमी येईन. पन ह्या सगळ्याच्या आंधी एक गोष्ट. भुईवर बसू नोका. उंचावर बसा. तुमचा टोंगळा उठ-बसीनं मरून राह्यला.”

गोदाबाईनं बोटांवर मोजलं. पिशवी जमेल, काठीही जमेल. पण उंचावर?

कारण ऐका. घरात सासू भुईवर बसलेली असताना सुनेनं बाजेवर बसायचं नसतं. बाजेवर काय, पाटावरसुद्धा नाही. सून पंचेचाळीस वर्षांची असो, तिच्या लेकीचं लग्न झालेलं असो. आणि मनकर्णाबाई तर दिवसभर भुईवरच असायची. त्या खांबाजवळ, एक पाय लांब करून.

तरी गोदाबाईनं घरी जाऊन विचारलं. पुंजारामला तेल्हाऱ्याला परत पाठवलं, सळई गोठ्यात ठेवली आणि सासूसमोर उभी राहिली. “आत्याबाई, मी बाजीवर बसून भाजी निवडू काय? टोंगळ्यासाठी.”

मनकर्णाबाईनं मान वर केली. “मी खाली अन् तू वर?”

“टोंगळ्यासाठी म्हनते मी.”

“माही सासू मरेपर्यंत भुईवर बसली. तिच्या डोक्यावर मी कधी बसली नाई,” म्हातारी म्हणाली, आणि विषय तिथंच संपला. चंद्रभान दारात उभा होता. तो जोडे घालून बाहेर गेला.

संताप संताप झाला गोदाबाईचा. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी इलाज सांगितला होता, तो फुकट होता, त्याला वास नव्हता, त्यानं फोड येत नव्हते, आणि तोच तिला करता येत नव्हता. जळवा लावायला घरात कुणाची ना नव्हती. बसायला मात्र होती.

मग तिनं चोरी केली. बंडीतळावर मोडक्या चाकाचा मधला जाड लाकडी गड्डा पडला होता. नत्थुजींनी तो उभा करून दिला, वर पोत्याचं फडकं टाकलं, आणि गोदाबाई लिंबाखाली त्यावर बसायला लागली. बाजारानं थोडे दिवस चिडवलं. “गोदाबाई पाटलीन झाली,” म्हणाले. तिनं ऐकलं नाही. भाजीची टोपली दुसऱ्या पालथ्या टोपलीवर ठेवली, म्हणजे वाकायला नको. गिऱ्हाईक नसलं की लुगड्याच्या आड सरकीची पिशवी बांधलेला पाय वर, दहा मोजा, खाली. घरी गेली की पिशवी लपवायची आणि पुन्हा भुईवर.

दीड महिना झाला. टोंगळे गेले नाहीत. जाणार नव्हतेच. पण उठताना लिंबाला हात लावायची गरज कमी झाली. एक दिवस ती ‘माय’ न म्हणता उठली आणि तानुबाईनं ते पाहिलं. तानुबाईनं दोन वर्षं त्या सावलीची वाट पाहिली होती. तिला कळलं की आता ही बाई ह्या जागेवरून उठत नाही.

त्याच संध्याकाळी तानुबाई मनकर्णाबाईकडं लसूण द्यायला गेली. लसूण कुणी मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढत असताना चंद्रभानची बंडी लिंबासमोर येऊन थांबली. चंद्रभान खाली मान घालून उतरला. मागून मनकर्णाबाई उतरली. बावीस वर्षांत म्हातारी बाजारात आली नव्हती. सगळा बाजार थांबला. तानुबाईनं कांदे निवडायचं सोडलं. मनकर्णाबाई काठी टेकत, एक पाय जरासा ओढत लिंबाखाली आली आणि उभी राहिली. गड्ड्याकडं पाहिलं. सुनेकडं पाहिलं.

गोदाबाई उठली. सासू उभी असताना बसून राहणं तिच्या हाडातच नव्हतं. ती बाजूला झाली. आता म्हातारी बोलणार, चारचौघांत बोलणार, आणि गड्डा लाथाडणार, असं तिला वाटलं.  म्हातारीनं एक हात लिंबाला लावला, वळली आणि गड्ड्यावर बसली.

बसताना तिच्या तोंडातून जो श्वास निघाला तो गोदाबाईनं ऐकला. जड टोपली डोक्यावरून उतरवल्यावर निघतो तसा तो होता.

आता सासू वर. म्हणजे सून खाली. गोदाबाई भुईला हात टेकून बसली, टोंगळे कटकटले, आणि दुपारपर्यंत तिनं भुईवरूनच भाजी विकली. म्हातारी गड्ड्यावरून हलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी तिच्याआधी बंडीत बसलेली. तिसऱ्या दिवशीही. गोदाबाईला इतका राग आला की तिनं एका बंडीवाल्याला वांग्याऐवजी मुळे दिले. दीड महिन्याची कमाई ह्या बाईनं तीन दिवसांत बुडवली. रागवायला नव्हे, बसायलाच आली ही.

चौथ्या दिवशी नत्थुजींनी हे सगळं पाहिलं, डोकं खाजवलं आणि बंडीतळावरून दुसरा गड्डा आणला. तो चार बोटं बुटका होता. त्यांनी तो म्हातारीच्या गड्ड्याशेजारी ठेवला. मनकर्णाबाईनं वाकून दोन्ही गड्ड्यांवर हात फिरवला, मध्ये बोटं धरून पाहिली. एक, दोन, तीन, चार. मग म्हणाली, “बस.”

गोदाबाई बसली. सासूपेक्षा चार बोटं खाली, भुईपेक्षा हातभर वर. एवढंच लागत होतं. दोन वर्षांत ते कुणाला सुचलं नव्हतं, आणि तिला स्वतःलाही नाही. सुनेला वर बसायचं तर आधी सासूला वर बसवायची, बस्स. तिला हसावं की डोकं आपटावं ते कळेना.

दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं. मनकर्णाबाई मेथीची जुडी घेऊन पिवळी पानं खुडत होती. एक पाय तिनं लांब केला होता, घरी खांबाजवळ करायची तसाच. गोदाबाईनं तो पाय पाहिला. इतकी वर्षं रोज पाहिला होता.

“आत्याबाई, तुमचे टोंगळे दुखते काय?”

“दुखते.”

“कवापासून?”

“तुले इथं बसवलं त्याच्या आंधीपासून,” म्हातारी म्हणाली. “मले इथून उठनं होत नव्हतं. म्हून तुले पाठवलं.”

गोदाबाईच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. बावीस वर्षं तिनं अख्ख्या बाजाराला सांगितलं होतं, आत्याबाईनं स्वतःहून दिली. मग तिला कुप्या आठवल्या. मगरीचं तेल, बिब्ब्याचं तेल, दवाखान्याचं लाल पाणी. घरातल्या दिव्याला कधी मगरीचा वास आला नव्हता.

“ते तेल तुमी दिव्यात नाई टाकलं.”

“लावलं. तुले लागू नाई पडलं, मलेबी नाई पडलं.”

“मंग सांगितलं काहून नाई?” गोदाबाईचा आवाज चढला. तानुबाईनं मान वर केली. “दोन वर्षं मी घरात बोंबलून राह्यली. तुमी समोर बसून होत्या. एका शब्दानं सांगितलं असतं तर—”

“तू बोंबलली तं सारे तुह्याकडं धावले,” मनकर्णाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मेथीचा भाव सांगावा तसं सांगत होती. “तेल आलं, वैद्य आले, हकीम आला. मी तिथंच होती. माह्याकडं पाहून इचारलं कोनी? अन् मी तरी माह्या सासूले कुठं इचारलं? तेबी पाय लांब करूनच बसे. मले वाटे, तिची सवय असन.”

गोदाबाईला भांडायचं होतं. शब्द तोंडात तयार होते, दोन वर्षांपासून तयार होते. पण ज्याच्यावर फेकावे असं समोर कुणी नव्हतं. एक बंडीवाला आला, सांबार, म्हणजे कोथिंबीर, मागितला. “थांब जरा,” ती त्याला म्हणाली.

तिनं खाली वाकून आपल्या पायाची सरकीची पिशवी सोडली आणि सासूच्या लांब केलेल्या पायाला बांधली. गाठ जरा जास्तच घट्ट बसली.

“उचला,” ती म्हणाली. “दहापर्यंत.”

मनकर्णाबाईनं पाय उचलला. चारावर तो थरथरत खाली आला.

“पुन्हा,” गोदाबाई म्हणाली.